लॅबमधल्या बेडकाचा ताजा टिश्यू एन्झाइम असेसाठी (मोजणीच्या चाचणीसाठी) कसा घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की एमएससी प्रोजेक्टला झेनोपसच्या (लॅबमध्ये पाळतात तो आफ्रिकन बेडूक) लिव्हरमधली एन्झाइम्स मोजायचीयेत तर टिश्यू ताजा कसा ठेवायचा, आणि झेनोपस नाहीच मिळाले तर पावसाळ्यात शेतातले बेडूक पकडून चालतील का.

शेतातले नकोच. वन्यजीव कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण त्या बेडकाचं वय काय, काय खाल्लंय, पोटात किती जंत आहेत काहीच माहीत नसतं, मग आकडे इकडेतिकडे गेले की कारण कुठे शोधणार? आणि लॅबमधल्या बेडकालाही आधी कॉलेजच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यांनी जी पद्धत मंजूर केलीये तीच वापरायची.

बेडकाला भूल द्यायला किंवा मारायला सहसा एमएस-२२२ हे भुलीचं औषध वापरतात. ते पाण्यात टाकलं की पाणी आम्लधर्मी होतं आणि बेडकाच्या ओल्या कातडीला ते झोंबतं, म्हणून खाण्याचा सोडा घालून पीएच ७ च्या आसपास आणायचाच, हे कृपया टाळू नका. मारण्यासाठी लिटरला ५ ग्रॅम आणि निदान एक तास, वर दुसरी शारीरिक पद्धतही, कारण बेडूक निपचित पडला तरी हृदय खूप वेळ चालू राहतं. ज्यांना एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं रसायन), लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की पेशीत साठतं ते) असलं झटकन बदलणारं काही मोजायचंय त्यांना मात्र हा तास परवडत नाही, ते कमिटीच्या मंजुरीने पूर्ण भुलीत, पाय चिमटला तरी हालचाल नाही अशा अवस्थेत टिश्यू काढतात आणि बेडकाला शुद्धीवर येऊ देत नाहीत. काहीही करा, भुलीचा वेळ कंट्रोलसकट (तुलनेसाठी ठेवलेल्या बेडकांसकट) सगळ्यांना सारखा ठेवा.

टिश्यूला होणारा रक्तपुरवठा थांबला की घड्याळ सुरू. एटीपी पडायला लागतो, लॅक्टेट चढतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा लिव्हर काढून ठेवलं आणि मग ट्यूबवर मार्करने नंबर लिहीत बसलो, ती सगळी सॅम्पल वाया गेली आणि ते बेडूकही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून लेबल, फॉइल, लिक्विड नायट्रोजन सगळं बेडकाला हात लावायच्या आधी तयार. नायट्रोजनमध्ये टाकायचे तुकडे छोटे करा, मोठा तुकडा आतून गोठायला वेळ लागतो. नंतर उणे ८० अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये, आणि मध्ये एकदाही वितळू द्यायचा नाही.

धुवायला थंड ०.६५ टक्के सलाइन घ्या, आपलं ०.९ वालं बेडकाला जास्त खारट होतं. रक्त नीट काढा कारण बेडकाच्या लाल पेशींत केंद्रक असतं, म्हणजे रक्त राहिलं तर त्याचा डीएनए आणि एन्झाइम्सही तुमच्या मापात येणार. लिव्हरमध्ये काळं मेलॅनिनही भरपूर असतं त्यामुळे रंग मोजून करायच्या चाचणीला प्रत्येक सॅम्पलचा वेगळा ब्लँक (रिअ‍ॅक्शन न करता घेतलेलं माप, जे वजा करायचं) लावा.

अजून एक, फक्त लिव्हर घेऊन बाकीचं टाकून देऊ नका. डिपार्टमेंटमध्ये आठवडाभर आधी विचारून ठेवा की कुणाला मसल, हार्ट, स्किन हवंय का, आणि तेही त्याच वेळी फ्रीझ करा.