कोडी फोडायला नव्याने बसतोयस तर

रत्नागिरीत बसून एआरजी, म्हणजे वेबसाइट, फाइली आणि खऱ्या जागांमध्ये कोडी लपवलेले खेळ, खेळता येतात का, असं विचारलंस. बिनधास्त येतात. २००४ च्या 'आय लव्ह बीज' या अशाच खेळात वेबसाइटवर नुसते अक्षांश-रेखांश आणि वेळा होत्या. त्या जागी, त्या वेळी सार्वजनिक फोन वाजायचे. फोन उचलायला माणूस तिथे लागायचा, पण आकड्यांचं डोकं कुठूनही लढवता येत होतं.

पहिली सवय म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जपायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलास की तो दाबला जातो, आत लपवलेलं निघून जातं. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. आवाजाची फाइल मिळाली तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघड. नुसत्या खरखरीत कधीकधी चक्क अक्षरं उभी राहतात. अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांचा क्रमही तपास. आपली रत्नागिरी साधारण १७ उत्तर, ७३ पूर्व. उलटं टाकलंस की थेट नॉर्वेच्या वरच्या समुद्रात!

फसलेला प्रयत्नही सोबत कोडी सोडवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिही, म्हणजे दुसरं कोणी तेच करत बसत नाही. माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं. आणि खूण किल्ल्यात किंवा कातळशिल्पांच्या सड्यावर निघालीच, तर नुसतं बघ, उकरू नकोस. भरतीच्या वेळी खडकांवर तर अजिबात उतरू नकोस.