प्रादेशिक परिषदेत पेपर वाचायला जावं की थेट जर्नलला पाठवावा?

संभाव्यतेवरच्या प्रादेशिक परिषदेत पेपर वाचण्यात वेळ जाईल का, असं तुम्ही विचारलंय. जा. जर्नल कुठे पळून जात नाही.

माझा पहिला पेपर अशाच परिषदेत होता. एका मदत केंद्रावर दर 10 मिनिटांना किती कॉल येतात, त्याचं मॉडेल. कॉल म्हटलं की पॉयसन, म्हणजे एकाच दराने, एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना ठरावीक वेळात किती वेळा घडतील ते सांगणारं वितरण. 1909 साली डॅनिश गणितज्ञ एर्लांगने टेलिफोनसाठी तेच दाखवलं होतं, म्हणून मीही डोळे मिटून तेच धरलं. खोलीत जेमतेम 12 जण. शेवटच्या बाकावरच्या एका निवृत्त सरांनी एवढंच विचारलं, "व्हेरियन्स किती आला?" व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. मी तो काढलाच नव्हता. सरासरी 4.2 आहे, हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

मधल्या सुट्टीत सरांनी मला शेजारी बसवलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पेन्सिलने संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविचचं 1898 चं कोष्टक लिहिलं. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेले सैनिक. एका सैन्यदलाची एका वर्षाची एक, अशा 200 नोंदी: शून्य मृत्यू 109 वेळा, एक 65, दोन 22, तीन 3, चार 1 वेळा. सरासरी 0.61, व्हेरियन्सही 0.61. "हे पॉयसन, दोन्ही सारखे. आता तुझा व्हेरियन्स काढ." काढला, तर 11! सकाळचा निवांत वेळ आणि दुपारची गर्दी मी एकत्र कालवली होती. कॉलचा दरच तासागणिक बदलत होता, मग आकडे पसरणारच. पुढे निगेटिव्ह बायनोमियल, म्हणजे व्हेरियन्स सरासरीपेक्षा मोठा असतो तेव्हा चालणारं वितरण, घेऊन सगळं पुन्हा केलं, तेव्हा कुठे पेपर उभा राहिला.

माझ्या गाईडनी तोच मसुदा दोनदा वाचून सही केली होती. "असल्या परिषदा म्हणजे सर्टिफिकेट गोळा करणं" हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे. मला ते साफ चूक वाटतं. मोठ्या परिषदेत माझ्यासारख्या नवख्याजवळ अर्धा तास कोण बसलं असतं? आणि आपला पेपर झाला की निघून जाऊ नका. उपयोजनवाल्यांनी तर सिद्धांताच्या सत्राला बसायलाच हवं. गृहीतकं कुठे मोडतात ते तिथे कळतं.

हां, सगळ्याच परिषदा अशा नसतात. प्रत्येक पेपरनंतर प्रश्नांना वेळ ठेवलाय का, ते आयोजकांना आधी विचारा. नसेल तर फी भरू नका, पेपर सरळ जर्नललाच पाठवा.