कमी खर्चात फिश टँकसाठी एलईडी लाइट घरी कसा बनवावा?

अॅल्युमिनियमचं चॅनेल (खाच असलेली लांब पट्टी) आणि १२ व्होल्टची पांढरी एलईडी स्ट्रिप, एवढ्यावर उत्तम लाइट होतो. स्ट्रिप ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या प्रकाशाची घ्या. झाडांना चालते आणि माशांचे रंगही खुलतात. प्लास्टिकच्या पट्टीवर मात्र चिकटवू नका. उष्णता बाहेर पडली नाही की एलईडी लवकर मंदावतात, अॅल्युमिनियम ती ओढून घेतं.

अॅडॉप्टरचा हिशोब आधी करा. ६० सेंमीच्या टँकवर तीन ओळी म्हणजे १.८ मीटर. मीटरला १४.४ वॅटची स्ट्रिप असेल तर साधारण २६ वॅट, १२ व्होल्टने भागलं की २.२ अँपिअर. अॅडॉप्टर ३ अँपिअरचा घ्या, तो काठोकाठ चालवू नये.

पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवा, सुरक्षेत नाही. टँकवर काच ठेवा, सोल्डरचे जोड सिलिकॉनने बंद करा, अॅडॉप्टर पाण्यापासून लांब ठेवा. वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. टँकमध्ये हात घालण्याआधी स्विच बंद, दरवेळी.

सुरुवातीला दिवसाला सहा तासच लावा. जास्त लावलात तर शेवाळ माजतं. टायमर जरूर जोडा.