डोळ्यांचे प्रश्न: थेंब, दाणा आणि नळी

या वेळी काचबिंदूवरची, म्हणजे डोळ्यातल्या दाबाने डोळ्याची नस खराब होण्याच्या आजारावरची, चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: आईचं वय ७१. दोन्ही डोळ्यांत तीन प्रकारचे ड्रॉप्स चालू आहेत, तरी दाब २४ च्या खाली येत नाही. तिचा हात थरथरतो. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे डोळ्यात औषधाचा दाणाच बसवतात. तो घेऊन येईल. इथे बसवून मिळेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर: दाण्याकडे नंतर वळू. आधी थेंब डोळ्यात जातोय का, ते बघा. आई औषध घालताना एकदा शेजारी उभे राहा. शिवाय बाटलीचा हिशोब मांडा. लॅटॅनोप्रॉस्ट या दाब उतरवणाऱ्या औषधाच्या २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रात्री एकेक म्हणजे महिन्याला ६०. बाटली तीन आठवड्यांत संपत असेल तर औषध गालावर ओघळतंय. दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकतायत. आमच्या मते ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणण्याआधी हा हिशोब व्हायलाच हवा, आणि तो दवाखान्यात क्वचितच होतो.

आईंना आडवं झोपवा. खालची पापणी बोटाने ओढून खोबण करा, बाटली धरलेला हात कपाळावर टेकवा आणि एकच थेंब सोडा. पापणीत मावतं जेमतेम ३० मायक्रोलिटर, थेंब असतो ३० ते ५० चा. त्यामुळे ‘लागलं तर लागलं’ म्हणून घातलेला दुसरा थेंब वायाच जातो. मग डोळे मिटून, नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचा. न दाबल्यास औषध अश्रूनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात उतरतं. ड्रॉप्समध्ये टिमोलॉल हे औषध असेल तर दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते, नाडी मंदावते. दमा असेल तर ते घालूच नये, डॉक्टरांना तसं सांगा. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकाच बाटलीत मिळतात, ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉलही. तीनच्या दोन बाटल्या होतात का, विचारा.

लॅटॅनोप्रॉस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण नेरूळला मे महिन्यात घरात २५ अंश कुठून आणणार? फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. काही ब्रँड बाहेर टिकतात; खोक्यावर वाचा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि चार आठवड्यांनी उरलेलं टाकून द्या.

आता दाणा. अमेरिकेत दोन प्रकारांना मान्यता आहे. पहिला बायमॅटोप्रॉस्टचा, १० मायक्रोग्रॅमचा, मार्च २०२० मध्ये मान्य झालेला. तो सुईने कॉर्नियामागच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेमागच्या, पाण्यात सोडतात. औषध तीन-चार महिने झिरपतं आणि दाणा विरघळतो. वारंवार घातल्यास कॉर्नियाच्या आतल्या पेशी कमी होतात, म्हणून मान्यता देताना प्रत्येक डोळ्यात एकदाच अशी अट होती. दुसरा ट्रॅव्होप्रॉस्टचा, ७५ मायक्रोग्रॅमचा, डिसेंबर २०२३ चा. त्याची टायटॅनियमची कुपी जेमतेम १.८ मिलिमीटर लांब असते आणि ती ऑपरेशन थिएटरमध्ये डोळ्याच्या कोनात, म्हणजे आतलं पाणी बाहेर जातं त्या जागी, रोवावी लागते. औषध संपलं तरी कुपी आत राहते.

भाच्याच्या बॅगेतून मात्र काही मागवू नका. बायमॅटोप्रॉस्टचा दाणा थंड साखळीतच यावा लागतो, आणि भारतातला परवाना नसलेली वस्तू कोणताही जबाबदार सर्जन डोळ्यात घालणार नाही. कॉर्निया आधीच कमकुवत असेल किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगामागचा पडदा फाटला असेल, तर तो दाणा वर्ज्यच.

त्याआधी लेसरचं विचारा. कोन उघडा असेल तर एसएलटी नावाचं दाब उतरवणारं लेसर काही मिनिटांत होतं, भूल म्हणून एक थेंब पुरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना सुरुवातीलाच हे लेसर केलं त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जण तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सविना होते. तीन औषधांवर असलेल्या डोळ्यात तितका फरक पडेलच असं नाही, पण एखादी बाटली सुटली तरी आईंचा त्रास वाचेल.

प्रश्न: बाबांच्या डोळ्यात तीन आठवड्यांपूर्वी दाब उतरवायला पाणी बाहेर काढणारी नळी बसवली. दाब अजून २६, ड्रॉप्सही तेच. ऑपरेशन फसलं का? गणपतीला चिपळूणला जायचं आहे, तेव्हा सहावा आठवडा असेल.
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर: डिस्चार्ज कार्डावर ‘आडी’ लिहिलंय का, बघा. मदुराईच्या ऑरोलॅबची ही सिलिकॉनची नळी, तिच्या टोकाला ३५० चौरस मिलिमीटरची चकती. तिला झडप नसते. लगेच उघडी ठेवली तर पाणी भसाभस वाहून डोळा मऊ पडेल, म्हणून सर्जन नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारतात. चार ते सहा आठवड्यांत चकतीभोवती आवरण तयार होतं, दोरा विरतो आणि नळी वाहू लागते. तोवर दाब चढाच राहणार आणि औषधं चालू ठेवावी लागणार. यात फसलं काहीच नाही. अहमद व्हॉल्व्ह ही दुसऱ्या प्रकारची नळी असेल तर गोष्ट वेगळी: त्यात झडप असल्याने दाब पहिल्या दिवसापासून उतरतो, पण पहिल्या एक-दोन महिन्यांत पुन्हा चढू शकतो.

नेमका तो सहावा आठवडाच जपायचा. दोरा सुटतो त्या दिवशी दाब एकदम कोसळू शकतो: नजर धूसर होते, डोळा दुखतो, कधी आतल्या थरांत पाणी साचतं. तसं झालं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं लागतं, आणि कोणते ड्रॉप्स थांबवायचे हेही तेच सांगतात. म्हणून यंदा बाबांना ठाण्यातच राहू द्या, बाकीचे जाऊन या. दाब उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या चालू असतील तर बोटांना मुंग्या येणं अपेक्षित आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा सल्फाची ॲलर्जी असल्यास मात्र आधीच सांगा. पुढे कायमची खबरदारी एकच: डोळा चोळायचा नाही. नळीवरचं आवरण झिजून ती उघडी पडली तर जंतू थेट आत शिरतात.

प्रश्न: मला मधुमेह आहे. पडद्याच्या सुजेसाठी डोळ्यात स्टेरॉइडचं इम्प्लांट घातलं. दीड महिन्याने दाब ३२ निघाला. मला काचबिंदू झाला का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: बहुधा नाही, पण दुर्लक्ष केलं तर होईल. डेक्सामेथासोनच्या ०.७ मिलिग्रॅमच्या दाण्यानंतर दाब साधारण दोन महिन्यांच्या सुमारास सर्वाधिक चढतो आणि बहुतेकांचा सहा महिन्यांत उतरतो. तोवर ड्रॉप्स घ्या, दाब मोजत राहा, नसेचा ओसीटी (स्कॅन) करून ठेवा. पुढच्या इंजेक्शनआधी ही नोंद दाखवा. स्टेरॉइडऐवजी दुसरं औषध निवडता येतं. पावसाळ्यात डोळे आले म्हणून मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइडचे ड्रॉप्स आणण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रश्न: मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर काचबिंदूसाठी स्टेंट (पाण्याला वाट देणारा बारीक तुकडा) घालू म्हणतात. पुढे एमआरआय करता येईल का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: येईल. स्टेंटचं कार्ड जपून ठेवा आणि एमआरआय केंद्रात दाखवा. त्यावर किती टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चालतं ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा महत्त्वाचं हे विचारा, की कोन उघडा आहे का आणि नसेचं नुकसान किती झालंय. हा तुकडा अगदी छोटा. तो दाब थोडाच उतरवतो. सौम्य काचबिंदूत एखादी बाटली कमी करायला तेवढं पुरतं. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेच्या परिघाच्या तपासणीत, बरंच काळं दिसत असेल, तर स्टेंटवर खर्च करण्याआधी काचबिंदूच्या तज्ज्ञाला दाखवून घ्या.