टेनिस प्रश्नोत्तरे: सेरेना पुरुषांमध्ये कितवी आली असती?

प्रश्न: सेरेना विल्यम्स ऐन भरात असताना पुरुषांच्या क्रमवारीत कितवी आली असती?

नेमका आकडा कुणालाच सांगता येणार नाही, पण वरच्या शंभरात ती नसती, असं मला वाटतं. 1998 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी जागतिक क्रमवारीत 203 व्या स्थानी असलेल्या जर्मनीच्या कार्स्टन ब्राशने तिला एका सेटच्या लढतीत 6-1 असं हरवलं आणि पाठोपाठ तिची बहीण व्हीनस हिलाही 6-2 असं. तेव्हा सेरेना 16 वर्षांची होती, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये. पण 2013 मध्ये, ती स्वतः अव्वल असताना, पुरुषांमधल्या आघाडीच्या अँडी मरेशी खेळले तर 6-0, 6-0 हरेन, हे तिनेच एका मुलाखतीत सांगितलं. यात तिचा कमीपणा मला दिसत नाही. आपला खेळ वेगळा आहे हे तिला पुरतं माहीत होतं.

प्रश्न: मग 1973 मध्ये बिली जीन किंगने बॉबी रिग्जला कसं हरवलं?

किंग महिलांमधली आघाडीची खेळाडू, 29 वर्षांची; रिग्ज पुरुषांमधला जुना विजेता, पण तेव्हा 55 चा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने महिलांमधल्याच अव्वल मार्गारेट कोर्टला 6-2, 6-1 असं लोळवलं होतं. किंग मात्र तयारीने उतरली, त्याला कोपऱ्याकोपऱ्यात पळवत राहिली आणि 6-4, 6-3, 6-3 जिंकली. ताकदीच्या तुलनेसाठी हा सामना निरुपयोगी आहे. पण ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये 30 हजारांवर प्रेक्षक एका महिला टेनिसपटूला पाहायला आले, याचं मोल मी फार मोठं मानते.

प्रश्न: नेट तेच, कोर्ट तेच. फरक नक्की कुठे पडतो?

सगळ्यात जास्त सर्व्हिसमध्ये. जॉन इस्नरची 2016 मधली सर्व्हिस ताशी 253 किलोमीटरची होती. महिलांमध्ये 200 ओलांडणाऱ्या मोजक्याच. उंची, खांद्याची ताकद आणि वयात आल्यानंतर वाढणारे स्नायू यांचा हा परिणाम. उंचावरून मारलेला चेंडू नेटवरून सर्व्हिस बॉक्समध्ये (समोरच्या ज्या चौकटीत सर्व्हिस पडावी लागते तिथे) उतरवायला जास्त कोन मिळतो, म्हणून उंच खेळाडू जोर लावूनही चुकत नाही. अव्वल पुरुष साधारण पाचपैकी चार वेळा आपली सर्व्हिस राखतात, म्हणजे स्वतः सर्व्हिस करत असलेला गेम जिंकतात. महिलांमध्ये ती कितीतरी जास्त वेळा भेदली जाते.

रॅली सुरू झाली की चित्र बदलतं. 2024 च्या यूएस ओपनमध्ये आर्यना सबालेन्काच्या फोरहँडचा सरासरी वेग पुरुषांमधल्या अल्काराझ आणि सिनर यांच्याहूनही जास्त मोजला गेला! ती चेंडू सपाट मारते, पुरुष त्याला प्रचंड टॉपस्पिन (पुढे फिरणारी फिरकी) देतात. असा चेंडू उडून खांद्यापर्यंत येतो, आणि तो परतवणं नुसत्या वेगवान चेंडूपेक्षा अवघड असतं. शिवाय कोर्टवरची धाव: हरलेला वाटणारा चेंडू पुरुष खेळाडू गाठतो, त्यामुळे विजयी फटका पुन्हा एकदा मारावा लागतो.

प्रश्न: महिला तीनच सेट खेळतात, तरी बक्षीस समान का?

पाच सेट पुरुषही जवळजवळ फक्त ग्रँडस्लॅममध्येच (वर्षातल्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांत) खेळतात. महिलांना ते झेपत नाहीत हेही खरं नाही. 1984 ते 1998 या काळात वर्षअखेरच्या महिला स्पर्धेची अंतिम लढत पाच सेटची होती. आणि घड्याळ बघून पैसे द्यायचे, तर पुरुषांमध्येही तासाभरात जिंकणाऱ्याला कमी द्यावे लागतील. यूएस ओपनने 1973 मध्येच समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला त्यासाठी 2007 उजाडलं, आणि एवढा उशीर मला आजही खटकतो.

प्रश्न: मग तुलना करायचीच नाही का?

करा, पण ज्याच्याशी तो किंवा ती खेळली त्याच्याशी. क्ले (मातीच्या) कोर्टवर राफेल नदालने सलग 81 सामने जिंकले. ख्रिस एव्हर्टने 125. मार्टिना नवरातिलोव्हाने 1983 च्या मोसमात 86 सामने जिंकले आणि फक्त एक गमावला, तोही फ्रेंच ओपनमध्ये.