शिरगावला प्रवेश मिळालाय? मग हे ऐक

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चाललायस, तर कॉलेज लहान आहे म्हणून खट्टू होऊ नकोस. लहान वर्गात सर नावानिशी ओळखतात. (दांडी मारलेलीही कळते, ते सोड.)

मासळी मात्र नुसती पुस्तकात शिकू नकोस. पहाटे मिरकरवाडा बंदरावर जात जा. बांगड्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा, हे परीक्षेपुरतं पाठ होईलच. पण कल्ले लालभडक की तपकिरी, डोळा फुगीर की खोल गेलेला, यावरून ताजेपणा ओळखायला मासळी विकणाऱ्या मावशीच शिकवतील. फक्त ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी प्रश्न विचारू नकोस, ओरडा खाशील.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा खाडीकाठचे कोळंबीचे तलाव बघून घे. आणि पोहायला येत नसेल तर आत्ताच शीक.