झाडाला पाणी कुणी घालायचं?

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना चांगले नागरिक करायचं, म्हणून तू भिंतीवर लावायला मूल्यांचा तक्ता शोधते आहेस. तक्ता खुशाल लाव. पण ‘सहकार्य’ हा शब्द या वयाच्या हाताला लागत नाही. हाताला लागतात पाण्याचा मग, फडकं, ठोकळे. सगळ्यांची मिळून असलेली वस्तू आणि तिची जबाबदारी, सुरुवात इथून होते. म्हणून आधी कामं वाट, नियमांचं नंतर बघू.

कामं खरी हवीत. केलं नाही तर वर्गाचं काहीतरी अडलं पाहिजे. झाडांना पाणी, पुस्तकं जागेवर लावणं, रंगकामाचे ब्रश धुणं, काल न आलेल्या मुलाला काल काय झालं ते सांगणं. एका कामाला दोन मुलं आणि प्रत्येकाकडे ते दोन आठवडे. मात्र दोघांना एकदम बदलू नकोस. दर सोमवारी एकच बदलायचा, म्हणजे आठवडाभर मुरलेला नव्याला शिकवतो, आणि शिकवताना त्याचं स्वतःचंही नीट होतं.

पाण्याचंच बघ. “झाडाला पाणी घाल” एवढ्याने भागत नाही. ओतण्यात मजा असते, त्यामुळे कुंडी रोज तुडुंब भरते, मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडतात. म्हणून आधी बोट मातीत एक पेर खुपसायचं. ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. बोट कोरडं निघालं तर मगात रंगीत चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, हळूहळू ओतायचं, आणि शेवटी कामाचं चित्र असलेलं कार्ड उलटं करायचं. कार्ड उलटं दिसलं की “झालं का रे?” हा प्रश्नच उरत नाही. फडकं मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर टांग. त्याने सांडलेलं पुसलं की तू त्यावरून पुन्हा हात फिरवू नकोस, निदान त्याच्या देखत तरी. तेवढ्यानेच त्याचं काम खोटं ठरतं.

एक काम मात्र कुणालाच देऊ नकोस: बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं. त्यातून एक चुगलखोर तयार होतो आणि बाकीचे पाठ फिरली की कसं वागायचं ते शिकतात.

बक्षिसाबद्दल विचारलं होतंस. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवर्गातल्या मुलांवर केलेला प्रयोग लक्षात ठेव. ज्यांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्रक देऊ असं आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतरच्या मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. तेव्हा तारे, चिकटचित्रं, गुणांचा तक्ता नको. काम झालं की जे दिसतं ते सांग: “तू ब्रश धुतलेस, म्हणून दुसऱ्या गटाला रंग स्वच्छ मिळाले.” ‘शाब्बास’पेक्षा हे वाक्य लांब आहे, पण त्यात कामाचा धागा दुसऱ्यापर्यंत गेलेला मुलाला दिसतो.

आता नियम. पहिल्याच दिवशी करायला बसलीस तर मुलं घरून ऐकलेलंच म्हणून दाखवतील. दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांब. तोवर ठोकळ्यांवरून दोन-तीन भांडणं झालेली असतात आणि नियम कशासाठी हवा ते मुलांना ठाऊक असतं. तीन नियम पुष्कळ, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. ‘पळायचं नाही’ याऐवजी ‘आत चालायचं’, कारण लहान मुलाला काय करायचं ते कळलं तर जमतं. शिक्षा मात्र मुलांवर सोपवू नकोस. या वयात ती फार कडक शिक्षा सुचवतात. एका ठोकळ्यासाठी आठवडाभर खेळ बंद करायलाही मागेपुढे पाहत नाहीत.

याचं मूळ स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या १९३२ मधल्या अभ्यासात सापडतं. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार उघडलं, मागे कप आहेत हे त्याला माहीत नव्हतं, आणि पंधरा कप फुटले. दुसरा चोरून जॅम काढायला वर चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुधा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवत, म्हणजे हेतूपेक्षा नुकसान मोजत. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की हेतू ठळकपणे सांगितला तर लहानांनाही तो कळतो. म्हणजे ठळक करण्याचं काम तुझं. कुणाचा मनोरा पडला की दोघांच्या उंचीला खाली बस. एकेकाला बोलू दे, ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत परत सांग, आणि “तुला पाडायचा होता का?” हे सर्वांना ऐकू जाईल असं विचार. मग “आता काय केलं तर बरं वाटेल?” रडू ओसरल्याशिवाय यातलं काहीच विचारू नकोस, उत्तर येणार नाही. ‘सॉरी म्हण’ असा आग्रहही नको. तो शब्द सुटकेचा परवाना होतो. मनोरा पुन्हा रचायला हात लावला, तर तीच माफी.

आठवड्यातून एकदा वर्गाची सभा घे, दहा मिनिटं, एकच विषय. पर्याय दोनच दे, आणि दोन्ही तुला चालण्यासारखे असू देत. नंतर फिरवलेल्या निर्णयासारखं सभेला मारक काही नाही. हात वर करून मत घेतलंस तर निम्मी मुलं मित्राकडे बघून हात उचलतात, काही दोन्ही वेळा उचलतात. त्यापेक्षा प्रत्येकाला एक खडा दे, दोन डबे आडोशाला ठेव आणि खडे सर्वांसमोर मोठ्याने मोज. अकरा विरुद्ध नऊ झालं तर थांब आणि विचार, “या नऊ जणांसाठी काय करता येईल?” माझ्या मते सभेतली सर्वांत मोलाची मिनिटं हीच. निर्णय त्याच दिवशी अमलात आण. कुणाला खेळात घ्यायचं यावर आणि सुरक्षिततेवर मतदान कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलमसुद्धा मुलाच्या मताला वय आणि समज पाहून योग्य वजन द्यायला सांगतं. अखेरचा शब्द मुलाचाच असावा असं म्हणत नाही.

वर्गाबाहेरचं एखादं कामही वर्षातून एकदा घे. गळका नळ, तुटलेली घसरगुंडी, काहीही. मुलांनी नळाखाली बादली ठेवावी, एका तासात पाणी कुठवर आलं ते पट्टीने मोजावं, चित्र काढावं, आणि दुरुस्ती ज्यांच्याकडे आहे त्यांना दोन ओळींचं पत्र पाठवावं. पत्र गेलं त्या दिवसावर दिनदर्शिकेत खूण करा, दोन आठवड्यांनंतरच्या दिवसावर दुसरी. त्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही, तर “येईल हं” म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. आलं नाही असंच सांग, आणि दुसरं पत्र लिहायला कागद काढ.

तुझी,
ताई